पिटातल्या प्रेक्षकाची कैफियत

भाऊबीजेच्या दिवशी आमच्या घरी एक भांडण दरवर्षी नेमाने होते, आणि ते ओवाळणीवरून होत नाही. जेवणे आटोपतात, विडे तोंडात जातात, मंडळी भिंतीला पाठ टेकून बसतात, आणि मग समोरच्या पडद्यावर काय लावायचे यावर खल सुरू होतो. गेल्या भाऊबीजेला मी ‘स्टारशिप ट्रूपर्स’ हे नाव उच्चारले मात्र, थोरले मामा चकलीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्याकडे पाहू लागले. मामांनी जन्मभर साहित्य शिकवले. व्यासंग मोठा, जीभ तिखट आणि अंतःकरण लोण्याचे.

“अरे, किती दिवस शिंगं मोडून वासरांत शिरणार आहेस?” ते म्हणाले. “अवकाशयानं, बंदुका आणि हत्तीएवढे किडे! पोरांना लाव ते, आम्ही तोवर जरा पडतो.”

“मामा, पोरांना दाखवण्यासारखं नाहीच ते,” मी म्हणालो.

“बघ! म्हणजे पोरांच्याही उपयोगाचं नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. मामांच्या तोंडाला तोंड देण्याची आमच्या घरात पद्धत नाही. शेवटी एक जुने संगीत नाटक लागले आणि दुसऱ्या अंकात मामांसकट निम्मे प्रेक्षक घोरू लागले. पण तो विनोद माझ्या मनात सलत राहिला. कारण या जातीच्या चित्रपटांचे सारे दुर्दैव मामांनी नकळत एका वाक्यात सांगून टाकले होते. पोरांच्या दृष्टीने ते फार रक्ताळ, थोरांच्या दृष्टीने फार पोरकट. आणि या दोघांच्या मध्ये जो कोणी बसतो त्याने आपली आवड चोरून ठेवावी, बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा एके काळी शाळकरी मुले भूगोलाच्या पुस्तकात लपवीत तशी.

मी चोरून ठेवणार नाही. मी पिटातला प्रेक्षक आहे. आता चित्रपटगृहांतून पिट गेला, बाकडी गेली, शिट्ट्याही बऱ्याच मंदावल्या. पण वृत्तीने मी तिथलाच. पडद्यावर ठोसा बसला की माझा खांदा हलतो. आणि असा खांदा हलत असतानाच माझे डोकेही चालते, हे मला मामांना आणि मामांसारख्या सर्व सुविद्य मंडळींना सांगायचे आहे. त्यांनी विचार आणि मारामारी यांच्यामध्ये एक भिंत उभी केली आहे. भिंतीच्या अलीकडे संथ गतीचे, पावसाकडे बघत बसणाऱ्या माणसांचे चित्रपट, ते विचाराचे. पलीकडे धावपळ, धूर, गोळीबार, ते बिनडोक. माझे म्हणणे असे की काही चित्रपटांत मारामारी हाच विचार असतो. ती बाजूला काढली तर खाली विचार उरत नाही, नुसता कागद उरतो.

ज्या चित्रपटावरून आमच्याकडे हशा झाला त्याचीच गोष्ट आधी घेतो. ‘स्टारशिप ट्रूपर्स’ १९९७ सालचा. त्याच्या मुळाशी रॉबर्ट हाइनलाइन याची १९५९ सालची कादंबरी आहे. राष्ट्रसेवेची मुदत जो पुरी करील त्यालाच मतदानाचा हक्क, अशी राज्यव्यवस्था हाइनलाइनने तीत अगदी गंभीरपणे मांडली आहे. तो विनोद करीत नव्हता. ही कादंबरी पडद्यावर आणण्याचे काम पॉल व्हरहोवेन या डच दिग्दर्शकाकडे आले. त्याने ती पुरी वाचलीच नाही, थोडी वाचून कंटाळून बाजूला ठेवली, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. पाप खरे, पण वाचण्याची त्याला फारशी गरजही नव्हती. व्हरहोवेनचा जन्म १९३८ सालचा. त्याचे बालपण हेग शहरात जर्मन सैन्याच्या टाचेखाली गेले. त्या शहराच्या परिसरातून जर्मन लोक लंडनवर व्ही-२ अग्निबाण सोडीत, ते तळ उडवायला ब्रिटिश विमाने येत, आणि बॉम्ब पुष्कळदा डच घरांवरच पडत. गणवेश, झेंडे, कवायती आणि त्यांच्यामागून येणारा धूर हे सारे त्याने सहा-सात वर्षांच्या वयात खिडकीतून पाहिले होते. असा माणूस लष्करशाहीचे चित्र काढतो तेव्हा ते कौतुकाने काढील का, एवढा तरी प्रश्न पाहणाऱ्याने स्वतःला विचारावा!

चित्रपट सुरू होतो तो भरतीच्या जाहिरातीने. रांगेत उभे सैनिक, कणखर हनुवट्या, प्रत्येक जण आपले कर्तव्य बजावीत असल्याचे हसत सांगतो. ही चित्रणाची ढब लेनी रीफेनश्टालने हिटलरच्या मेळाव्यावर काढलेल्या १९३५ सालच्या प्रचारपटावरून उचललेली आहे, आणि उचललेली दिसावी अशा बेताने उचललेली आहे. मग कथेतली मुले येतात. सगळी देखणी, सगळी गोमटी, दातांच्या मंजनाच्या जाहिरातीतून उतरल्यासारखी. आणि बोलतात तीही जाहिरातीसारखीच. या नटांना अभिनय येत नाही अशी तेव्हा ओरड झाली. अहो, जाहिरातीतल्या माणसाने अभिनय केला तर ती जाहिरात कशी राहील? शाळेत त्यांना एक हात गमावलेला शिक्षक शिकवतो की बळ हाच सर्व सत्तेचा पाया. मुले वहीत उतरून घेतात. भरतीच्या कचेरीत टेबलामागे बसलेला जुना सैनिक नायकाचे अभिनंदन करतो, पायदळानेच मला आजचा माणूस बनवले असे अभिमानाने सांगतो, आणि खुर्ची मागे सरकवतो. त्याला दोन्ही पाय नाहीत. या प्रसंगावर कोणी भाष्य करीत नाही. संगीत थांबत नाही. नायक हसतमुखाने बाहेर पडतो.

मधून मधून बातमीपत्रे येतात. एका खुन्याला सकाळी पकडले, दुपारी शिक्षा झाली, संध्याकाळी फाशीची वेळ अमुक, सर्व वाहिन्यांवर अवश्य पाहा, अशा थाटाची. शत्रू किड्यांच्या रूपाने असल्यामुळे अंगणातली मुले बुटाखाली झुरळे चिरडतात आणि शेजारी उभी असलेली बाई आनंदाने टाळ्या पिटते. ब्वेनोस आयरेस शहरावर आकाशातून धोंडा कोसळतो आणि ते बेचिराख होते. कोणी फेकला, का फेकला, याची चौकशी वगैरे काही नाही, बातमीपत्र शत्रूचा पत्ता तत्काळ देऊन टाकते. त्याआधीच माणसांनी किड्यांच्या हद्दीत वसाहत केली होती, ही बातमी मात्र अशी झटकन येऊन जाते की खोकला आला तर हुकावी. एक वार्ताहर सुचवू पाहतो की कुरापत आपणच काढली असेल. त्याला बाजूला सारून आमचा नायक छायायंत्रासमोर गर्जतो की सर्वांना ठार करा. पुढे किड्यांच्या ग्रहावर पहिली स्वारी होते, आणि एका तासात एक लाख माणसे मरतात. सरसेनापती बदलतो. धोरण बदलत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळे चालू असताना पिटातला प्रेक्षक काय करीत असतो? तो लढाई पाहून उसळत असतो. किड्यांची फौज डोंगर उतरून येते, तटबंदीवर चढते, बंदुका तडतडतात. फिल टिपेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घडवलेले ते किडे आजही खरे वाटतात. त्या कारागिरीला ऑस्करचे नामांकन मिळाले होते, पारितोषिक मात्र ‘टायटॅनिक’ने नेले. अगदी शेवटी शत्रूचा मेंदू असलेला प्रचंड किडा जाळ्यात बांधून आणतात. काळा लांब चामडी डगला घातलेला अधिकारी, ज्याच्याकडे पाहताच हिटलरचे गुप्त पोलीस आठवावेत असा, त्या किड्याच्या अंगावर हात ठेवतो आणि जाहीर करतो की हा घाबरला आहे. हजारो सैनिक हर्षाने नाचू लागतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मीही मनातल्या मनात नाचलो. मग घरी जाताना वाटेत पाय जड झाले. एका मुक्या, बांधलेल्या, भेदरलेल्या जिवाकडे पाहून मला आनंद का झाला? कोणी करवला? मला आधी दोन तास तापवले होते म्हणून झाला. हा चित्रपट हुकूमशाहीवर प्रवचन देत नाही. हुकूमशाहीचा कैफ तो तुम्हाला पाजतो आणि मग पेला तुमच्याच हातात ठेवून निघून जातो. थरारक लढाई नसती तर कैफ चढला नसता, आणि कैफ चढला नसता तर माझ्यावर आरोप कशाचा ठेवला असता?

हे त्या काळी किती जणांना कळले? काही चाणाक्षांनी ओळखले, नाही असे नाही. पण अमेरिकेतल्या काही परीक्षणकारांनी या चित्रपटावरच नाझी वृत्तीचा ठपका ठेवला, आणि ज्यांनी ठेवला नाही त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो मोठ्या किड्यांचा पोरखेळ म्हणून झटकून टाकला. दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च झालेल्या या चित्रपटाने जगभर मिळून बारा कोटींच्या आसपास गल्ला जमवला. जाहिरातींचा खर्च आणि चित्रगृहांचा वाटा वजा जाता हे घाट्याचेच गणित.

मामांनी हे वाचले तर ते म्हणतील, यात आमचा काय दोष? तर मामांनाच त्यांच्या आवडीच्या रंगभूमीवर नेतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, सर्वांना पाठ. पण समोर बसलेल्या मराठी माणसाला कीचकाच्या पोशाखात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत पीडलेला देश दिसला, संयमी युधिष्ठिरात मवाळ दिसले आणि भीमात जहाल. आणि भीम काही ठराव मांडीत नाही. तो कीचकाला ठार मारतो. तो वध हाच नाटकाचा युक्तिवाद. वध काढून टाका आणि उरलेल्यावर परिसंवाद भरवा, काय शिल्लक राहील? १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. म्हणजे नाटकाचा अर्थ पिटाला कळला आणि साहेबालाही कळला. इंग्रज सरकार हे त्या नाटकाचे सर्वांत जागरूक टीकाकार निघाले, असे म्हणायला हरकत नाही! नव्वद वर्षांनी अमेरिकेतल्या शिकल्यासवरल्या परीक्षणकारांना जे दिसले नाही ते आमच्या आजोबा-पणजोबांना कंदिलाच्या उजेडात दिसले. कारण त्यांनी मारामारीकडे बघताना डोके घरी ठेवले नव्हते.

याच मापाने मी जॉन कार्पेंटरचा १९८८ सालचा ‘दे लिव्ह’ मोजतो. अगदी थोड्या पैशात काढलेले चित्र. रे नेल्सन याच्या १९६३ सालच्या एका छोट्या कथेवर आधारलेले. नायक म्हणून घेतला तो रॉडी पायपर नावाचा कुस्तीगीर, अमेरिकेत दूरचित्रवाणीवर ज्या बेगडी कुस्त्या होतात त्यांतला. कामाच्या शोधात लॉस एंजेलिसला आलेला हा बेकार मजूर झोपडपट्टीत राहतो. पोलीस एका रात्रीत ती झोपडपट्टी यंत्रे घालून सपाट करतात. त्याला एक काळा चष्मा सापडतो. तो घालून रस्त्यावर पाहिले की रंगीत जाहिरातफलकांच्या जागी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत नुसत्या आज्ञा दिसतात: आज्ञा पाळा, खरेदी करा, झोपून राहा. नोटांवर लिहिलेले असते की हाच तुमचा देव. आणि चांगल्या कपड्यांतल्या कित्येक श्रीमंतांचे चेहरे कवटीसारखे, परक्या ग्रहावरच्यांचे. रेगनच्या अमेरिकेवर कार्पेंटरला जे म्हणायचे होते ते त्याने असे म्हटले.

इथपर्यंत मामांनाही चालेल. रूपक आहे म्हटल्यावर ते कान टवकारतील. पण नंतर येते ती गल्लीतली मारामारी, आणि तिथे सर्व सुविद्य माणसे घड्याळाकडे पाहतात. नायकाचा एक मजूर सोबती आहे, फ्रँक. बायको-मुले दूर डेट्रॉइटला, हा इथे घाम गाळून पैसे पाठवणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. नायक त्याला म्हणतो, हा चष्मा एकदा घाल. तो म्हणतो, नाही घालत. एवढ्याच कारणावरून दोघे एकमेकांना पाच मिनिटांहून अधिक वेळ बडवतात. पडतात, उठतात, दम खातात, एकमेकांची क्षमा मागतात, पुन्हा बडवतात. पहिल्या मिनिटाला हसू येते, तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो आणि शेवटी पोटात कालवाकालव होते. एवढी लांब का? मला विचाराल तर ती अजून मिनिटभर चालती तरी मी तक्रार केली नसती. फ्रँकला कळते आहे की एकदा ते पाहिले की पुन्हा न पाहिल्यासारखे जगता येणार नाही. महिन्याची मनीऑर्डर, मुकादमाची मर्जी, सगळे संपले. घरसंसार असलेला माणूस सत्य पाहायला इतका जीव तोडून विरोध करतो, हे एखाद्या पात्राने भाषणात सांगितले असते तर आपण मान डोलावली असती आणि चहा मागवला असता. इथे ते आपल्याला बरगड्यांत कळते.

मात्र या चष्म्याचीही एक गंमत नव्हे, एक भयंकर गोष्ट आहे. पुढे काही ज्यूद्वेष्ट्या मंडळींनी हा चित्रपट आपलाच आहे, ते कवटीचे चेहरे म्हणजे ज्यू, असे पसरवायला सुरुवात केली. अखेर २०१७ साली कार्पेंटरला जाहीरपणे सांगावे लागले की माझा रोख बेलगाम भांडवलशाहीवर आणि तिच्यात लठ्ठ झालेल्या तरुण धनिकांवर होता. बाकी सर्व खोटे. म्हणजे बघा, व्हरहोवेनच्या चित्रात सभ्य माणसांना नसलेला नाझी दिसला आणि कार्पेंटरच्या चित्रात नाझींना नसलेला सोबती दिसला. सभ्य माणसे या चित्रांकडे पाठ फिरवून बसली की त्यांचा अर्थ लावायला कोण पुढे सरसावते, याचा मामांनी विचार करावा. मी ही कैफियत केवळ माझ्या करमणुकीखातर लिहीत नाही ती यासाठी.

इथे एक आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो, आणि तो मला मान्य आहे. या चित्रांतले विज्ञान कच्चे असते. किड्यांनी आकाशगंगेच्या पलीकडून धोंडा फेकून नेमके एक शहर टिपावे, हे गणितात बसत नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली नाव बदलून मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पारितोषिक मिळवले आणि पुढे जन्मभर आग्रह धरला की विज्ञानकथेतले विज्ञान पक्के असले पाहिजे. त्या आग्रहापुढे मी नम्र आहे. पण माझी चित्रे त्या घराण्यातली नव्हेत. ती सोंगांच्या घराण्यातली आहेत. एकनाथांच्या भारुडात विंचू येतो, त्याचे प्राणिशास्त्र कोणी तपासत नाही. नांगी कुठे बसली एवढेच पाहतात.

‘एज ऑफ टुमॉरो’ची कथा याहून वेगळी, कारण त्याला टीकाकारांनी झिडकारले नव्हते. बहुतेकांनी वाखाणले. त्याला मारले ते नावाने आणि तिकीटबारीने. हिरोशी साकुराझाका या जपानी लेखकाची २००४ सालची कादंबरी. तिचे इंग्रजी नाव धारदार होते, ते बदलून असे गुळमुळीत नाव ठेवले की उद्याच्या हवामानाचा अंदाज वाटावा. घरी पाहायच्या तबकड्या निघाल्या तेव्हा निर्मात्यांना स्वतःलाच लाज वाटली असावी, कारण वेष्टनावर जाहिरातीतली घोषणा मोठ्या अक्षरांत आणि खरे नाव बारीक अक्षरांत छापले! अमेरिकेत तो ६ जून २०१४ रोजी लागला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले त्याला त्या दिवशी बरोबर सत्तर वर्षे झाली, आणि चित्रपटातही सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावरच उतरते. त्याच आठवड्यात कर्करोगाने गाठलेल्या दोन तरुण प्रेमिकांचे एक स्वस्तातले चित्र लागले आणि त्याने या सतरा कोटींहून अधिक डॉलरांच्या हत्तीला पहिल्याच शनिवार-रविवारी मागे टाकले.

आणि काय चित्र होते हो! टॉम क्रूझने यात भित्र्याचे सोंग घेतले आहे. लष्कराचा जाहिरात-अधिकारी, दूरचित्रवाणीवर बसून लोकांना युद्ध विकणारा. ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्ये जी जाहिरात अखंड चालते ती तयार करणारा माणूस हाच, असे मी मनाशी म्हणतो. त्याला एक सेनापती उचलून आघाडीवर फेकतो. बंदुकीची कळ कुठे आहे हेही ठाऊक नाही. किनाऱ्यावर पाच मिनिटांत मरतो, आणि आदल्या दिवशी सकाळी पुन्हा जागा होतो. पुन्हा किनारा, पुन्हा मरण. असे किती वेळा, मोजदाद नाही. युद्ध विकणाऱ्याला ते स्वतः विकत घ्यायला लावले आहे, तेही हप्त्याहप्त्याने. एमिली ब्लंटची रीटा त्याला शिकवते. चुकला की कपाळात गोळी घालते आणि धडा पुन्हा पहिल्यापासून. ज्यांनी लहानपणी गाणे शिकण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. पलटा चुकला की आमचे गुरुजी पेटी बंद करीत, आणि पुन्हा ‘सा’. क्रूझच्या चेहऱ्यावरचा माज दर मरणागणिक एकेक पापुद्रा करून उतरत जातो, आणि शेवटी जो माणूस उरतो तो आपण आधी पाहिलेलाच नसतो. साऱ्या चित्रात तो कसा बदलला याविषयी एक शब्दही कोणी बोलत नाही. बदल मारामारीतच होतो. एकच लढाई पहिल्यांदा आणि पन्नासाव्यांदा तो किती निराळ्या रीतीने लढतो, तेवढे पाहावे.

तिकीटबारीचे एवढे ऐकून घेतले, तर एक तारीख सांगतो. २५ जून १९८२. त्या एकाच दिवशी अमेरिकेत कार्पेंटरचा ‘द थिंग’ आणि रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ लागले. दोन आठवडे आधी स्पीलबर्गचा गोड परग्रहवासी येऊन सर्वांच्या मांडीवर बसला होता. दोन्ही चित्रे आपटली. ‘द थिंग’ला तर परीक्षणकारांनी ओंगळ म्हणून उकिरड्यावर टाकले. आज चित्रपटविद्येच्या वर्गात ती दोन्ही शिकवतात. शुक्रवारी लावलेला निकाल चाळीस वर्षांनी असा फिरतो. पण तो फिरवला कोणी? ज्यांनी मळक्या फिती भाड्याने आणून पुन्हा पुन्हा पाहिल्या त्या पिटानेच.

एक छोटे चित्र राहिले. त्याचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ‘ड्रेड’, २०१२. दोनशे मजल्यांची एकच इमारत, आत गुंडांचे राज्य, आणि कायद्याचे दोन शिपाई अडकलेले. जागीच न्याय करून जागीच शिक्षा देण्याचा त्यांना अधिकार. कार्ल अर्बनने सबंध चित्रात शिरस्त्राण काढले नाही, प्रेक्षकांना केवळ त्याची हनुवटी दिसते. आपल्याकडचा कोणता नायक हे करील? छायालेखक अँथनी डॉड मँटल, तोच ज्याने मुंबईत ‘स्लमडॉग मिलिऑनेर’ टिपून ऑस्कर नेले. मुंबईच्या वस्त्यांतून कॅमेरा घेऊन धावलेल्या डोळ्याला माणसांनी खचाखच भरलेली ती काँक्रिटची पेटी परकी वाटली नसावी. पण मला सांगायचा तो प्रसंग एका खोलीतला आहे. नवशिकी शिपाई अँडरसन आपल्या परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच एका जखमी गुन्हेगाराला शिक्षा म्हणून ठार मारते. थोड्या वेळाने जीव वाचवायला दोघे एका बाईच्या घरात शिरतात. बाई मदत करते. भिंतीवर तसबीर असते. त्या बाईचा नवरा म्हणजे मघाचाच माणूस. पाळण्यात मूल. अँडरसन काही बोलत नाही, बोलण्यासारखे काही नसतेच. पुन्हा जिन्यात गोळीबार सुरू होतो. पुढे तिच्या प्रत्येक गोळीकडे मी निराळ्या नजरेने पाहिले. हा चित्रपट आला आणि गेला कोणाला कळलेही नाही. सक्तीने त्रिमितीचा चष्मा लावून दाखवला, हेही एक कारण; चष्मा घाल म्हटले की माणसे मारामारीवर येतात हे कार्पेंटरने सांगून ठेवलेच होते.

आता आमच्या चाहत्यांच्या जातीचेही थोडे वाभाडे काढले पाहिजेत, नाहीतर मामा म्हणतील भाच्याने एकतर्फी निकाल दिला. आपटलेले प्रत्येक चित्र उपेक्षित मोती असते, असे आमच्यातले पुष्कळ लोक समजतात. मुळीच नसते. पुष्कळशी चित्रे आपटली ती आपटायच्याच लायकीची होती. ‘स्टारशिप ट्रूपर्स’चा २००४ सालचा दुसरा भाग मी एकदा पाहिला आहे, देवाची करणी म्हणून सोडून देतो. व्हरहोवेनचा १९९० सालचा ‘टोटल रिकॉल’ २०१२ साली नव्याने काढला तेव्हा त्यातून मंगळच काढून टाकला, म्हणजे पुरणपोळीतून पुरण. त्याच्याच १९८७ सालच्या ‘रोबोकॉप’चे २०१४ साली असेच झाले: चकचकीत रंग, भरपूर चर्चा, आणि मूळ चित्रातला तो खुनशी, रक्ताळ विनोद नाहीसा. गमतीची गोष्ट अशी की या नव्या आवृत्त्या जुन्यांपेक्षा अधिक सभ्य आहेत, अधिक गंभीर चेहऱ्याच्या आहेत. मामांना कदाचित त्या आवडतील. शिवाय, आम्ही चाहते एखाद्या चित्राचे वाक्य न् वाक्य पाठ करतो, सैनिकांच्या गणवेशांच्या प्रतिकृती विकत घेतो, आणि त्या गणवेशावर केलेला उपहास विसरतो. हा गुन्हा परीक्षणकारांच्या गुन्ह्याहून मोठा आहे, कारण आम्हाला चित्र आवडलेले असते.

यंदाच्या भाऊबीजेला मी ‘दे लिव्ह’ काढून ठेवला आहे. पोरे फटाके घेऊन खाली गेली की लावायचा. लांबी दीड तासाच्या आसपास. गल्लीतली मारामारी यायला जवळजवळ तास लागतो, आणि मामांना जेवणानंतर अर्ध्या तासात झोप येते, ही अडचण आहे. मी आईला सारे समजावून सांगितले. चित्रपटाविषयी तिने काही विचारले नाही. भाऊ जागा राहायला हवा एवढे तिच्या ध्यानात आले. तिने चकल्यांचे दोन घाणे जास्त काढले आहेत आणि डबा स्वतःच्या ताब्यात ठेवला आहे.